तारेखालचे लोहचुंबक : विजेच्या गिटारचा पिकअप कसा निवडावा?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वाद्य म्हटले की आपल्याला वादक आठवतो, त्याची बोटे आठवतात, फार तर वाद्य घडवणारा कारागीर आठवतो. परंतु विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्यात आणखी एक लहानसा घटक असतो. तो दिसायला क्षुल्लक, पण वाद्याचा आवाज तोच ठरवतो. तारांच्या खाली बसवलेली ती बोटभर लांबीची पट्टी म्हणजे पिकअप. ही पट्टी बिघडली किंवा मनासारखी वाजेनाशी झाली म्हणजे नवी कोणती घ्यावी, हा प्रश्न वादकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण सरळ आहे. नागोठण्याच्या पंचक्रोशीत, पेणपासून रोह्यापर्यंत, लग्नाची हळद बेंजोशिवाय होत नाही. गणपतीची मिरवणूक असो, साखरपुडा असो की वरात असो, बेंजो पथक हवेच. माझे काका अशाच एका पथकात बेंजो वाजवतात आणि चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो गिटार वाजवतो. पथकाच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पिकअपच्या खोक्यावरचा इंग्रजी मजकूर वाचण्याचे कामही माझ्याकडेच आले. "तू कॉलेजात जातेस ना, मग यावर काय लिहिलंय ते सांग," असे काका म्हणाले, तेव्हा शब्द वाचता आले, अर्थ मात्र लागला नाही. पथकाने हंगामाच्या कमाईतून चार हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यावर पाच घरांचा हक्क होता. म्हणून मी हा विषय नीट समजून घेतला. तोच येथे मांडत आहे.

१. थोडा इतिहास

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. विजेचा जनित्र याच तत्त्वावर चालतो. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी हेच तत्त्व गिटारला लावले. अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने ती गिटार १९३२ पासून विक्रीला आली. तिचे अंग गोल आणि मान लांब असल्याने लोक तिला 'तळणीचा तवा' या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखू लागले. बीचम यांना तिचे पेटंट मिळाले ते १९३७ मध्ये.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची हवाईयन गिटार होती. आपल्याकडेही हवाईयन गिटारने मोठा मान मिळवला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम केलेले व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्या घरोघरी वाजल्या.

पुढे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही तीन पिकअपांची गिटार १९५४ साली आली. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ पासून असे पिकअप त्या कंपनीच्या गिटारींवर दिसू लागले. आज बाजारात मिळणारे बहुतेक पिकअप या दोन घराण्यांतलेच आहेत : एका वेटोळ्याचे आणि दोन वेटोळ्यांचे. १९७० च्या दशकात पिकअप सुटे विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि वादकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. त्याबरोबर निवडीची चिंताही आली.

२. पिकअप काय करतो?

पिकअप आवाज ऐकत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मायक्रोफोन हवेतील कंपने टिपतो. पिकअप टिपतो ती पोलादी तारेची हालचाल. त्याच्या पोटात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक, सुमारे ०.०६ मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये साधारण सात ते आठ हजार वेढे भरतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच किंचित चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात अगदी लहानशी वीज उत्पन्न होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, नायलॉनच्या तारेवर हा पिकअप मुळीच चालणार नाही. साध्या गिटारच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारांचा आतला पोलादी गाभा त्याला कळतो, वरचे ब्राँझ कळत नाही, म्हणून त्या तारा दबक्या वाजतात. दुसरी गोष्ट अशी की, हे वेटोळे तारेची थरथर जशी टिपते तशी आसपासच्या विजेची थरथरही टिपते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. मंडपातल्या दिव्यांच्या माळा, मंद-तेज करण्याची बटणे, ट्रान्स्फॉर्मर या सर्वांतून ती पिकअपमध्ये शिरते आणि स्पीकरमधून 'घूं' असा आवाज येऊ लागतो. वादक त्याला 'हमिंग' म्हणतात.

सेथ लव्हर यांची युक्ती याच हमिंगवर होती. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट जोडले आणि चुंबकाची टोकेही उलट केली. बाहेरच्या विजेच्या बाबतीत एकदाच उलट झाले, म्हणून दोन वेटोळ्यांतील हमिंग एकमेकांना खोडते. तारेच्या बाबतीत दोनदा उलट झाले, म्हणजे सुलट झाले, आणि तारेचा आवाज मात्र एकमेकांत मिळतो. गणितात दोन उणे मिळून एक अधिक होते, तसाच हा प्रकार आहे.

३. दोष खरोखर पिकअपचा आहे काय?

नवा पिकअप घेण्यापूर्वी जुना खरोखर निकामी झाला आहे का, हे पाहणे हे पहिले कर्तव्य होय. आपल्या भागात पाऊस भरपूर आणि खाडीची हवा खारट. तारांना गंज चढतो, केबल घालण्याच्या जॅकला कळा येते, व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये धूळ व ओल साचते. खरखर आली की पुष्कळदा दोष यांपैकी एखाद्याचा असतो आणि तो थोड्या खर्चात दूर होतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम दुसरी केबल लावून पाहावी. मग जुन्या तारा काढून नव्या चढवाव्यात. गंजलेली तार कितीही चांगल्या पिकअपवर मेलेलीच वाजते. त्यानंतर ॲम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवून स्क्रू ड्रायव्हरचे टोक पिकअपला हलकेच टेकवावे. 'टक' असा ठसठशीत आवाज आला तर पिकअप जिवंत आहे. शेवटी मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवून, गिटारमध्ये घातलेल्या केबलच्या मोकळ्या टोकावर मोजणी करावी. त्या वेळी गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा असावा. एका वेटोळ्याचा पिकअप साधारण सहा ते आठ किलो-ओहम दाखवतो. व्हॉल्यूमचा नॉब जोडलेला असल्याने आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, त्याची काळजी नको. पण मीटरने आकडाच दाखवला नाही, तर आत कोठेतरी तार तुटली आहे. अशा वेळी आधी बाहेरचे सोल्डर पाहावे, कारण तो जोड सुटला असेल तरीही मीटर असाच गप्प राहतो.

आणखी एक उपाय फुकट आहे, तो म्हणजे पिकअपची उंची. दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी तो वरखाली करता येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता तार आणि पिकअप यांत दोन ते तीन मिलीमीटर अंतर असावे. फार लांब ठेवला तर आवाज दुबळा येतो. फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर लवकर विझतो आणि जाड तारा बेसूर लागल्यासारख्या वाटतात.

हमिंगच्या बाबतीत एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. हमिंग थांबावी म्हणून काही जण ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. हे कदापि करू नये. गिटारच्या तारा घोडीमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटली आणि यंत्रात दोष निर्माण झाला, तर वीज तारांवर उतरते. अशा वेळी वादकाचा एक हात तारांवर असतो आणि ओठ मायक्रोफोनजवळ. ओल्या मैदानात, जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात हा जिवाशी खेळ आहे. हमिंग कमी करायचीच असेल तर पिकअपची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढवून ती पट्टी अर्थिंगला जोडावी.

४. निवड करताना काय पाहावे?

(अ) माप : सर्वांत आधी लाकडातील खाच मोजावी. एका वेटोळ्याचा पिकअप अरुंद, दोन वेटोळ्यांचा रुंद. रुंद पिकअप बसवायचा तर लाकूड कापावे लागते आणि कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. त्याचप्रमाणे पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर मोजावे. काही पिकअपांत ते सुमारे ५० मिलीमीटर धरलेले असते, तर काहींत ५२ च्या आसपास. चुंबकाची टोके तारांच्या खाली आली पाहिजेत. टोकांऐवजी अखंड पोलादी पट्टी असलेले पिकअपही मिळतात. त्यांत ही अडचण उरत नाही.

(आ) जागा : मानेजवळचा पिकअप गोल, भरदार आवाज देतो. घोडीजवळचा तीक्ष्ण व धारदार देतो, कारण तेथे तारेची हालचाल थोडी असते आणि वरच्या स्वरांशांचे प्रमाण अधिक. म्हणून घोडीजवळच्या पिकअपला पुष्कळदा जास्त वेढे देतात. मानेसाठी बनवलेला पिकअप घोडीजवळ बसवला तर तो दुबळा वाटण्याचा संभव असतो.

(इ) वेढे : खोक्यावर ओहमचा आकडा छापलेला असतो आणि सर्वांची नजर त्यावरच जाते. आकडा मोठा म्हणजे वेढे अधिक, वेढे अधिक म्हणजे वीज अधिक, इथपर्यंत हिशेब बहुधा बरोबर असतो. पण वेढे वाढले की वेटोळे वरचे, नाजूक स्वर कमी सोडू लागते. आवाज जाड होतो, पण उघडा राहत नाही. शिवाय तार अधिक बारीक वापरली तर वेढे तेवढेच असूनही आकडा वाढतो. तेव्हा हा आकडा केवळ सूचक समजावा. नुसता मोठा आवाज हवा असेल तर ॲम्प्लिफायर असतोच, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी साधारणतः बंदीच आहे.

(ई) चुंबक : ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या लोहमिश्रणाला अल्निको म्हणतात. दुसरा प्रकार सिरॅमिकचा, तो स्वस्त व जोरकस. अल्निकोचा आवाज मऊ आणि सिरॅमिकचा कडक, असे साधारणपणे म्हटले जाते. मात्र एकट्या चुंबकावरून निर्णय करू नये. वेढे, पट्टी आणि जागा यांचा वाटा त्याहून कमी नसतो.

(उ) मेण : चांगले पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढलेले असतात. त्यामुळे आतील वेढे घट्ट बसतात. ते सैल असतील तर मोठ्या आवाजात स्वतःच थरथरू लागतात आणि स्पीकरमधून कर्कश शिट्टी येते. हळदीच्या मंडपात वादक स्पीकरच्या समोरच उभा असतो. त्याला हा गुण फार मोलाचा.

(ऊ) सोबती : पिकअप एकटा वाजत नाही. एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलो-ओहमचा व्हॉल्यूम लावण्याची रूढी आहे, दोन वेटोळ्यांच्या पिकअपला ५०० चा. व्हॉल्यूमचा आकडा कमी असेल तर आवाज थोडा बोथट होतो. दहा-पंधरा मीटर लांबीची केबल लावली तर तीही वरचे स्वर खाते. म्हणून नवा पिकअप दबका वाटला तर प्रथम आखूड केबल लावून ऐकावे.

५. आमच्या पथकाचा निर्णय

आता हा विचार प्रत्यक्षात कसा उतरतो ते पाहू. दादाची गिटार जुनी, तीन पिकअपांची, तिन्ही एका वेटोळ्याचे. वरील क्रमाने तपासणी केली तेव्हा मानेजवळचा पिकअप ६.८ किलो-ओहम दाखवीत होता, मधला ६.७. घोडीजवळच्या पिकअपवर मीटर गप्प होता. सोल्डर नवे केले, तरी गप्पच. म्हणजे तिन्ही नव्हे, एकच बदलायचा, एवढे निश्चित झाले. 'पूर्ण संचच घ्या' असा सल्ला आम्हांला मिळाला होता. त्याची गरज नव्हती.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, दोन वेटोळी अरुंद मापात बसवलेला, सोळा किलो-ओहमच्या पुढचा. सर्वांत दणकट म्हणून सर्वांना तोच आवडला होता. दुसरा, मुळात होता तसाच एका वेटोळ्याचा. तिसरा, पहिल्यासारख्याच अरुंद मापाचा, दोन वेटोळ्यांचा, अखंड पट्टीचा, परंतु दहा-अकरा किलो-ओहमचा.

दुसरा घेतला असता तर गिटारचा मूळ स्वभाव राहिला असता, पण मंडपातील हमिंगही तशीच राहिली असती. पहिल्यामुळे हमिंग गेली असती, पण दोन अडचणी आल्या असत्या. आमच्या गिटारला व्हॉल्यूम २५० चा, त्यात एवढे वेढे म्हणजे आवाज आणखी बोथट. आणि शेजारचे दोन पिकअप सहा-सात किलो-ओहमचे. बटण फिरवताच एकदम मोठा आणि एकदम लहान आवाज झाला असता, नि हळदीच्या गाण्यात मधेच तसे होऊन चालत नाही. तिसरा पर्याय हमिंग घालवणारा, लाकूड न कापता बसणारा आणि इतर दोघांशी बऱ्यापैकी जुळणारा होता. तोच घेतला. किंमतही पहिल्यापेक्षा कमी पडली, आणि उरलेल्या रकमेत तारांचे दोन संच, नवा जॅक व तांब्याची चिकटपट्टी आली.

जोडणीच्या वेळी एक गोष्ट शिकावयास मिळाली. अशा पिकअपमधून चार रंगीत तारा आणि एक उघडी तार निघते. त्या रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. म्हणून खोक्यातील कागद जपून ठेवावा आणि त्याच कंपनीचा नकाशा पाहावा. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ व किरकिरा आला, तर ते एकमेकांच्या उलट जोडले गेले आहेत असे समजावे. अशा वेळी नव्या पिकअपची गरम व थंड टोके अदलाबदल करावीत. उघडी तार मात्र अर्थिंगलाच राहू द्यावी. नागोठण्याहून मुंबईला सुट्या भागांच्या बाजारात जाऊन यायचे तर कामाचा एक दिवस मोडतो. त्यामुळे माप, रंग, आकडे घरी लिहून मगच निघावे, हे उत्तम.

६. बेंजोचे काय?

आपण ज्याला बेंजो म्हणतो, तो पाश्चात्त्य बँजो नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. जपानमध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखन यंत्रासारख्या बटणांचे 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. तेच भारतात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मुंबई-कोकणात बेंजो या नावाने रुळले. मुंबईच्या बेंजोवादकावर रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' हा हिंदी चित्रपटही काढला.

बेंजोसाठी पिकअप निवडताना तत्त्वे तीच, पण दोन गोष्टी वेगळ्या. पहिली अशी की, बेंजोच्या सुरावटीच्या तारा एकाच स्वरात लावलेल्या व जवळजवळ असतात. गिटारसाठी ठरावीक अंतरावर सहा टोके ठेवलेला पिकअप लावला तर एखादी तार टोकावर येते, एखादी दोन टोकांच्या मधे पडते आणि आवाज समान राहत नाही. येथे अखंड पट्टीचा पिकअपच सोयीचा. दुसरी गोष्ट बटणांची. काही जण लाकडाला चिकटवण्याचा स्पर्श-पिकअप वापरतात. तो स्वस्त असतो व कोणत्याही तारेवर चालतो. पण तो लाकडाची थरथर टिपतो, त्यामुळे बटणांची खटखटही सुरांबरोबर स्पीकरमधून येते. चुंबकाच्या पिकअपला पोलादी तारेचेच कळते, म्हणून खटखट बरीच कमी येते. काकांचा अनुभवही हाच आहे. फरक एवढाच की त्यांनी तो कानाने ओळखला होता आणि मला तो कारणासहित समजला.

७. उपसंहार

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगायचा तर असा : सर्वांत दणकट पिकअप तो सर्वांत चांगला, असे नाही. आपल्या वाद्याच्या खाचेत बसणारा, शेजारच्या पिकअपांशी जुळणारा, आणि आपण जेथे वाजवतो त्या जागेतील हमिंगला तोंड देणारा पिकअप तो चांगला. हे ठरवायला महागड्या यंत्राची गरज नाही. एक मल्टिमीटर, एक मोजपट्टी, कोरा कागद आणि वादकाचे कान एवढे पुरे.

आपल्या महाविद्यालयातील अनेकांच्या घरी बेंजो, गिटार किंवा कीबोर्ड वाजवणारे कोणीतरी आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांना वाद्य उत्तम कळते, पण खोक्यावरचे इंग्रजी कळत नाही. त्यामुळे दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागते. आपण विद्यार्थ्यांनी ते खोके वाचून, त्याचा अर्थ आपल्या भाषेत त्यांना सांगितला, तर त्यांचे पैसे वाचतील आणि आपल्यालाही दोन गोष्टी नव्याने कळतील. लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. वाद्ये त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत उघडून पाहावीत, ही विनंती.